पलंगाचा खूर

दर मंगळवारी मी जाते
इव्होर प्रोबर्टच्या पायाची पट्टी बदलायला.
हेरफर्डशरची शेवटची टेकडी, पलीकडे वेल्स,
अलीकडे त्याची शेड. घरात तो सापडत नाहीच.
"पाय इथंच आहे," म्हणतो, "माझ्याशिवाय कुठे जाणार?"
आणि स्टुलावर ठेवतो, हात न थांबवता.

हातात अक्रोडाएवढा तुंबा, एल्मचा.
एल्म आता मिळत नाही. झाडांना रोग आला,
शहात्तर साली फाटकाजवळचं शेवटचं पडलं,
तेव्हा त्याने एक ओंडका
कोळशाच्या खोलीत दडवला, बायकोपासूनसुद्धा.
एल्मच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या,
बारा भोकं पाडली तरी फाटत नाही.
"हट्टी लाकूड. ओलवेनसारखं."
ओलवेनला जाऊन नऊ वर्षं झाली.

आरे ओकचे. कापलेले नव्हेत, फोडलेले,
लाकूड ज्या वाटेने जाईल त्या वाटेने.
पाटे सहा, अ‍ॅशचे. एका पाट्यात दोन आरे.
गोंद नाही.
मी विचारलं होतं एकदा, एवढ्याशा चाकाला
गोंद लावला तर कोणाला कळणार?
म्हणाला, "चाकाला."

मी पट्टी सोडते. जखम इंचभर, कडा गुलाबी, बरी आहे.
वर तो आरा ठोकतो. टक, टक, टक,
आणि मग आवाज बदलतो. जाडा होतो.
"बसला."
बसलेला त्याला दिसत नाही.
दोन्ही डोळ्यांत मधोमध एक राखाडी ठिपका आहे,
जिथे पाहील तेवढंच पुसणारा.
मला तो कडेकडेने ओळखतो : बॅग, बूट, कोटाची बाही.
चाकाचा घेर दिसतो, तुंबा नाही.
तुंबा तो अंगठ्याने बघतो.

"हे वाकडं झालंय," मी म्हटलं.
चाक बशीसारखं खोलगट होतं.
"सपाट चाक पहिल्या उतारावर बसकण मारतं.
घोडा चालतो म्हणजे झुलतो,
ओझं एकदा या चाकावर, एकदा त्या चाकावर.
धक्का कुठून येणार ते माहीत असतं,
मग तिकडे पाठ करून उभं कशाला राहायचं?"

मग मला ती चूक दिसली.
मागचं डावं चाक : अकरा आरे पिवळसर, एक काळा.
सांगावं का? त्याला रंग दिसत नसेल.
सांगितलं.

"सत्तेचाळीसचा हिवाळा," तो म्हणाला.
"कुंपणं बर्फाखाली. बेव्हनच्या मेंढ्या वर अडकलेल्या,
गवताची गाडी निघाली आणि आरा तुटला.
बापाकडे सुकं ओक वीतभर नव्हतं.
आईचा पलंग होता."
ती काही बोलली नाही म्हणे.
बाहेर गेली, चार विटा घेऊन आली,
आणि त्या कोपऱ्याखाली रचल्या.
"मी आठ वर्षांचा. मरेपर्यंत ती
त्याच विटांवर झोपली."

"मेंढ्या वाचल्या?"

"निम्म्या."

पट्टी अर्धी गुंडाळलेल्या पायानेच
त्याने बाकाखालून काहीतरी पुढे ढकललं :
पलंगाचा दुसरा खूर. कातलेल्या कड्या, काळं वॉर्निश,
आणि टोकाला करवतीची ताजी फिकट जागा.

"पाय हलवू नका."

"जरा थांब. आज तुझे डोळे लागतील."
शेगडीवर लोखंडाची कडी, बांगडीहून मोठी.
"चेरीसारखी लाल झाली की सांग."
अजून नाही.
अजून नाही. विटेसारखी आहे.
आता.
चिमट्याने तिने चाकाला मिठी मारली,
अ‍ॅशचा धूर निघाला, मग पाणी,
आणि आवळत आवळत सगळे सांधे कुरकुरले,
सगळे एकदम,
जणू कोणी जुन्या पलंगावर कूस बदलली.

वहीत मी लिहिलं : जखम कोरडी. रुग्ण सहकार्य करत नाही.
पुढच्या घरी मिसेस गिटिन्सने दार उघडलं
आणि नाक वर करून विचारलं,
काही जळतंय का?